उंबरठ्याची कसोटी

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, पश्चिमेकडच्या ४३व्या रस्त्यावर, जर्मन बाप्टिस्ट मंडळीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली चर्चची एक इमारत आहे. १९६९ साली तिथे नाइट क्लब सुरू झाला. आरंभी त्याचे नावच ‘द चर्च’ होते. कॅथलिक चर्चने हरकत घेतल्यावर ते बदलून ‘सँक्च्युअरी’ ठेवले गेले. जिथे वेदी होती तिथे फ्रान्सिस ग्रासो या डीजेची दोन टर्नटेबल आली. एक रेकॉर्ड संपायच्या आत दुसरीचा ठेका तिच्याशी जुळवून नाच अखंड चालू ठेवण्याचे तंत्र त्याने तिथे घडवले. पुढे ज्याला जगाने डिस्को म्हणून ओळखले, त्याच्या जन्मकथेतला हा पहिल्या काही पानांमधला प्रसंग. तो ऐकून श्रद्धावान माणूस म्हणतो, ही विटंबना आहे. डिस्कोवर प्रेम करणारा म्हणतो, हे नवे प्रार्थनास्थळच होते. जुन्यात जे आटले ते इथे पुन्हा वाहू लागले. दोघांची मते एकमेकांच्या विरुद्ध असली, तरी दोघे एकाच गोष्टीकडे पाहून निवाडा करतात : नाचणाऱ्याच्या आत काय घडते. एकाला तिथे वासना दिसते, दुसऱ्याला समाधी. मला दोघांचीही कसोटी अपुरी वाटते. एखाद्या जागेला पावित्र्य आहे की नाही, हे तिथल्या तल्लीनतेवरून कळत नाही. तिच्या दारात कोणाला अडवले जाते, कोणाला आत घेतले जाते आणि आत आलेली माणसे एकमेकांचे काय देणे लागतात, यावरून ते कळते. १९७० ते १९९० या काळातला डिस्कोचा इतिहास हे विलक्षण स्पष्टपणे दाखवतो, म्हणून धर्माचा विचार करणाऱ्याने तो गंभीरपणे वाचायला हवा.

तल्लीनता खरी होती, हे आधी मान्य केले पाहिजे. डिस्कोचा आवाज बऱ्याच अंशी कृष्णवर्णीय अमेरिकेच्या चर्चमधून आला. सिल्व्हेस्टर हा गायक लहानपणी लॉस एंजेलिसच्या पेन्टेकोस्टल चर्चमध्ये गात असे. डोना समर बोस्टनमध्ये चर्चमध्येच गाऊ लागली. लोलिएटा हॉलोवे गॉस्पेल हे चर्चमधले भक्तिसंगीत गात मोठी झाली. टिपेला पोहोचणारा आवाज, गायकाला मागून उचलून धरणारे कोरस आणि खंजिरीची साथ या गोष्टी त्यांनी सोबत आणल्या. १९७३च्या सुमारास फिलाडेल्फियात अर्ल यंग या ड्रमरने चारही मात्रांवर सारख्याच वजनाचा ठोका बसवला. त्यामुळे नवशिक्यालाही कुठल्याही क्षणी नाचात शिरता येऊ लागले. पायरी चुकण्याचे भय उरले नाही. १९७६ साली बाजारात आलेल्या पहिल्या बारा इंची सिंगलवर वॉल्टर गिबन्स या डीजेने रेडिओवर तीन मिनिटांत संपणारे गाणे नऊ मिनिटांच्या पुढे नेले. गाण्याची लांबी विक्रेत्याच्या सोयीने न ठरता नाचणाऱ्या देहाच्या गरजेने ठरू लागली. डेव्हिड मॅन्क्युसो हा यजमान तर अख्ख्या रात्रीचीच रचना करत असे : आधी शांतता, मग उधाण, मग हळूहळू पुन्हा रोजच्या जगात उतरणे. टिमथी लिअरी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तिबेटी मृत्युग्रंथाच्या आधारे मांडलेल्या तीन अवस्था त्याच्या मनात होत्या. प्रत्येक उपासनापद्धतीला देहाला हळूहळू वर नेऊन पुन्हा सुखरूप खाली आणावे लागते. इथे ते जाणीवपूर्वक केले जात होते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम याने १९१२च्या आपल्या ग्रंथात धर्माचे मूळच अशा अनुभवात शोधले होते. माणसे एकत्र जमतात, एका लयीत हलतात, तेव्हा त्यांच्यात एकट्या माणसात नसलेली शक्ती उसळते. त्या शक्तीला ते देव म्हणतात, पण ती खरे पाहता समूहाचीच शक्ती असते, असे त्याचे म्हणणे. हे खरे मानले, तर डिस्कोला धर्माच्या पंगतीत बसवणे फार सोपे होते. मात्र याच सोपेपणात या सिद्धांताची उणीव आहे. १२ जुलै १९७९च्या रात्री शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलचे दोन सामने होते. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने तिथे जाहीर झाले होते की, नष्ट करण्यासाठी डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन येणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश मिळेल. पन्नास हजारांच्या आसपास लोक आले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत पेटीभर रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या गेल्या, हजारो माणसे मैदानात उतरली, आगी पेटल्या आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. तिथे काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाने पुढे सांगितले की, लोकांनी आणलेल्या रेकॉर्डींमध्ये डिस्को नसलेल्या पण कृष्णवर्णीय गायकांच्या रेकॉर्डीही होत्या. डालचे म्हणणे असे की, त्याचा राग एका संगीतप्रकारावर होता; ज्या केंद्रावर तो काम करत होता ते डिस्कोकडे वळल्यामुळे त्याची नोकरी गेली होती. त्याच्या मनातला हेतू त्याच्यापाशी राहो. प्रश्न असा आहे की, त्या रात्री मैदानावर द्युरकेमची सामूहिक शक्ती नव्हती काय? ती होती, आणि भरपूर होती. आवाज एक झाला होता, माणसे स्वतःला विसरली होती, अग्नीभोवती फेर धरत होती. म्हणजे ज्या उन्मादाच्या बळावर डिस्कोला पवित्र ठरवायचे, तोच उन्माद त्याच्या दहनातही होता. तल्लीनतेला स्वतःची नीती नसते. ती कशाच्या सेवेला लागली आहे, हे तिच्या बाहेरूनच पाहावे लागते.

बाहेरून पाहायचे म्हणजे दारातून पाहायचे. १४ फेब्रुवारी १९७० रोजी मॅन्क्युसोने ब्रॉडवेवरील ६४७ क्रमांकाच्या इमारतीत, आपल्या राहत्या जागेत, नाचाची मेजवानी दिली. पुढे ती ‘द लॉफ्ट’ या नावाने ओळखली गेली. तिथे दारू विकली जात नसे. फळे, सरबत आणि खाणे असे. प्रवेशासाठी थोडे पैसे घेतले जात, पण ज्याच्यापाशी नसत त्याची अडचण होत नसे. आत येणाऱ्यांत कृष्णवर्णीय होते, पोर्तो रिकोहून आलेल्यांची मुले होती, गोरे होते. समलिंगी पुरुष होते, स्त्रिया होत्या. पैसेवाले होते आणि खिसा रिकामा असलेलेही होते. याचे मोल कळायला तो काळ आठवावा लागतो. त्याआधी आठच महिने, जून १९६९मध्ये, ख्रिस्तोफर स्ट्रीटवरील स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांचा छापा पडला होता आणि त्यातून प्रसिद्ध उठाव झाला होता. दोन पुरुषांनी एकमेकांसोबत नाचणे हे त्या शहरात पोलिसांना छाप्यासाठी पुरेसे कारण असे. मॅन्क्युसो स्वतः यूटिका गावातल्या अनाथालयात वाढला होता. तिथे सिस्टर अलिशिया नावाची एक नन मुलांसाठी खोली फुग्यांनी सजवून रेकॉर्डी वाजवत असे. लॉफ्टमध्येही छताला फुगे असत. ज्या मुलांना कोणी घरी नेले नाही त्यांच्यासाठी एका धर्मव्रती स्त्रीने जे केले, त्याचाच विस्तार या माणसाने महानगरातल्या नाकारलेल्यांसाठी केला. नाचाची ही जागा धार्मिक होती असे मी म्हणतो, त्याचे कारण या पाहुणचारात आहे. समाजाने ज्यांच्या देहालाच गुन्हा ठरवले होते, त्यांच्या देहाला तिथे आधी अभय मिळाले. आनंद त्यानंतर आला.

हीच गोष्ट उलट्या बाजूने न्यूयॉर्कचाच स्टुडिओ ५४ हा क्लब सिद्ध करतो. एप्रिल १९७७मध्ये स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रेगर यांनी तो उघडला. संगीत पुष्कळसे तेच, दिवे जास्त झगमगीत, नाचणारे तितकेच बेभान. पण दारात मखमली दोरी होती आणि दोरीपलीकडे रोज गर्दी ताटकळत असे. कोण देखणा, कोण प्रसिद्ध, कोणाचे कपडे योग्य, हे पाहून आत घेतले जाई. त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांना तिथल्या दारातून परत पाठवले गेले. ज्या ‘शिक’ या बँडची गाणी आत वाजत होती, त्याचेच हे दोन कर्ते. त्या अपमानातूनच त्यांचे ‘ल फ्रीक’ हे गाणे जन्मले. ज्याच्या सुरावर लोक नाचतात त्यालाच उंबरठ्यावर थोपवणारी जागा कितीही मोहक असली, तरी तिला पवित्र म्हणता येत नाही. तिचे सुख बाहेर उभ्या असलेल्यांच्या वंचनेवर पोसलेले होते. बाहेर कोणी ताटकळतच नसते, तर आत असण्याला काही किंमत उरली नसती. लॉफ्टमधला आनंद दुसऱ्या कोणी आत आल्याने कमी होत नव्हता, उलट वाढत होता. संगीत सारखे, काळ सारखा, शहर एकच, फरक दाराचा.

यावर सर्वांत बळकट आक्षेप असा की, लॉफ्टचे दारही सताड उघडे नव्हते. तिथे निमंत्रणाशिवाय प्रवेश मिळत नसे. मग दोरी आणि निमंत्रणपत्रिका यांत नैतिक अंतर कोणते? हा आक्षेप टाळता येणारा नाही, कारण तो माझ्या कसोटीच्या मुळावरच येतो. उत्तर असे की, प्रत्येक दार काहींना बाहेर ठेवते. पाहायचे ते हे की, बंद दार कोणाचे रक्षण करते. ज्यांना पोलिसांचे, मालकांचे, प्रसंगी घरच्यांचेही भय आहे, त्यांना काही तास निर्भय राहता यावे म्हणून घातलेली कडी आणि आधीच सर्वत्र मान असलेल्यांना आणखी मान मिळावा म्हणून बांधलेली दोरी या सारख्या नाहीत. निमंत्रणामुळे लॉफ्ट कायद्याच्या दृष्टीने खाजगी मेजवानी राहिली. शहर प्रशासनाने परवान्याचा प्रश्न काढला तेव्हाही मॅन्क्युसोने हाच मुद्दा मांडला आणि तो मान्य झाला. शिवाय तिथले निमंत्रण साठवून ठेवण्याची वस्तू नव्हती. आलेला माणूस आपल्या मित्राला आणी आणि वर्तुळ वाढत जाई. पुढे १९७५ साली मॅन्क्युसो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रेकॉर्ड पूल सुरू केला. त्यामुळे कंपन्यांकडून येणाऱ्या नव्या रेकॉर्डी शहरातल्या छोट्यामोठ्या सगळ्या डीजेंना मिळू लागल्या. ज्याच्याकडे आहे त्याने ते वाटावे, ही वृत्ती दारापाशी थांबली नाही. तरीही मान्य करतो की संरक्षणासाठी घातलेली कडी आणि प्रतिष्ठेसाठी बांधलेली दोरी यांतली रेषा पुसट असते, आणि पहिलीची दुसरी व्हायला वेळ लागत नाही.

ती कशी पुसली जाते, याची उदाहरणे डिस्कोच्याच इतिहासात आहेत. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ वन या मोठ्या गे डिस्कोत कृष्णवर्णीयांकडे आणि स्त्रियांकडे एकाऐवजी अनेक ओळखपत्रे मागून त्यांना परतवले जात असे, आणि त्याविरुद्ध १९७०च्या दशकाच्या मध्यावर निदर्शने झाली. स्वतः नाकारलेल्यांनी दुसऱ्यांना नाकारले. मग समतेची ती भाषा हा भासच होता काय? इथे मराठी वाचकाला ओळखीचा एक धागा सापडतो, आणि तो माझ्या सोयीसाठी मी जोडलेला नाही. व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने यात्रेत आणि विधीत सामाजिक उतरंड गळून पडते व माणसे निखळ माणूस म्हणून भेटतात, असा सिद्धांत मांडला. नाचाच्या रात्रींवर लिहिणारे अभ्यासक आजही त्याचाच आधार घेतात. या सिद्धांताची परीक्षा घेताना टर्नरने पंढरीच्या वारीकडे पाहिले आणि त्यासाठी इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख वाचला. इरावतीबाईंनी काय नोंदवले होते? एकाच दिंडीत, एकाच नामाच्या गजरात चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसतात. आणि याचे त्यांना दुःख झाले होते. समतेचा अनुभव खरा आणि उतरंडही खरी, दोन्ही एकाच वाटेवर. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर आहे, आत नाही. आणि ते दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये उपोषणाला बसावे लागले. यावरून वारी खोटी होती असा निष्कर्ष आपण काढत नाही. उलट, गुरुजींच्या उपोषणाचे नैतिक बळ वारकरी परंपरेनेच मान्य केलेल्या मापातून आले होते. उंबरठ्याची कसोटी अशीच चालते. ती एखाद्या जागेला कायमचे प्रमाणपत्र देत नाही. आपण स्वतःविषयी जे म्हणतो त्याला आज जागतो आहोत का, एवढे ती विचारत राहते. स्टुडिओ वनसमोर निदर्शने करणारे डिस्कोविरुद्ध उभे नव्हते; डिस्कोने दिलेल्या वचनाची आठवण ते करून देत होते.

दुसरा आक्षेप नशेचा आणि बाजाराचा. मॅन्क्युसोच्या पहिल्या निमंत्रणावरच्या शब्दांची आद्याक्षरे एलएसडी या द्रव्याची होती, आणि ते अजाणता घडले नव्हते. रसायनाने आलेल्या धुंदीला अध्यात्म म्हणायचे का? या आक्षेपाने माझ्या म्हणण्याला धक्का लागत नाही, कारण मी धुंदीला अध्यात्म म्हटलेलेच नाही. उलट ज्यांनी तसे मानले त्यांनी फार मोठी किंमत मोजली. पॅराडाइज गराज या क्लबचा असामान्य डीजे लॅरी लेव्हन व्यसनांनी झिजून १९९२ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी गेला. धुंदीत माणूस दुसऱ्याच्या जवळ येऊ शकतो, तसाच स्वतःतच बुडूनही जाऊ शकतो. बाजाराबद्दलही तेच. थिओडोर अडॉर्नो या जर्मन तत्त्वज्ञाने लोकप्रिय संगीतातल्या एकसुरी ठेक्यात आज्ञाधारकपणाची शिकवण पाहिली होती. त्याच्या मते यंत्रासारख्या लयीत हलणारा माणूस यंत्राला शरण जायला शिकतो. १९७७च्या ‘सॅटर्डे नाइट फीवर’नंतर डिस्को ज्या वेगाने कारखान्यातल्या मालासारखा विकला गेला, तो पाहता हे म्हणणे पोकळ नाही. पण तोच ठेका एका ठिकाणी माणसाला गिऱ्हाईक बनवत होता आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला भयमुक्त करत होता. ठेक्यातच गुलामगिरी असती, तर दोन्हीकडे एकच परिणाम दिसला असता. टाळमृदंगाचा ठेकाही शतकानुशतके तोच आहे. त्यावर पाय कोणी कोणाबरोबर टाकायचे, हे ठेका ठरवत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल जातो. धर्म माणसाला आठवड्यातल्या एका रात्रीपुरता सांभाळत नाही. जन्म, लग्न, आजार, म्हातारपण, मरण, या सगळ्यांत तो सोबत असतो, आणि त्याच्या बदल्यात कर्तव्ये मागतो. डिस्कोने काय मागितले? शिवाय ज्यांनी हे संगीत घडवले त्यांतलेच काही पुढे चर्चकडे परतले. डोना समर, ग्लोरिया गेनर, वॉल्टर गिबन्स यांना नाचाच्या जागेत जे पुरे पडले नाही ते ख्रिस्ती श्रद्धेत सापडले. हा पुरावा मी डावलणार नाही. डिस्को हा धर्म नव्हता. त्याच्याकडे शास्त्र नव्हते, दुःखाचा अर्थ सांगणारी कथा नव्हती, म्हाताऱ्यांसाठी जागा फारशी नव्हती. पण त्याने काहीच मागितले नाही, हे खरे नाही. १९८१पासून न्यूयॉर्कमध्ये एका अनाकलनीय रोगाने समलिंगी तरुण मरू लागले. सरकार गप्प होते आणि कित्येक धर्मपीठांवरून हा पापाचा दंड असल्याचे सांगितले जात होते. १९८२च्या आरंभी गे मेन्स हेल्थ क्रायसिस ही संस्था रुग्णांच्या मदतीसाठी उभी राहिली, आणि तिचा पहिला मोठा निधी एप्रिलमध्ये पॅराडाइज गराजमधल्या नाचाच्या कार्यक्रमातून जमला. ज्यांनी एकमेकांना आनंदात ओळखले होते, ते आता एकमेकांच्या खाटेशी बसले. सिल्व्हेस्टर १९८८ साली एड्सने गेला; आपल्या गाण्यांचे उत्पन्न त्याने सान फ्रान्सिस्कोतल्या एड्सग्रस्तांना मदत करणाऱ्या संस्थांच्या नावे ठेवले. त्याचा अंत्यविधी ओकलंडच्या लव्ह सेंटर चर्चमध्ये झाला, गॉस्पेलच्या सुरांत. या मरणात चर्च आणि नाचाची जागा यांपैकी एकीची निवड करावी लागली नाही. जे चर्च त्याला दार उघडू शकले ते पवित्र ठरले. ज्या नाचाच्या जागेने मरणाऱ्यांना अंतर दिले नाही तीही.

म्हणून ‘नाचाची जागा पवित्र असू शकते का’ या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे, पण ते डिस्कोच्या भक्तांना हवे तसे नाही. अंग शहारले, भान हरपले, हजार माणसे एका लयीत हलली, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. कॉमिस्की पार्कवरही हे सगळे झाले होते. आणि हेच माप मग देवळांना, मशिदींना, चर्चना लावावे लागते. घंटानादाने डोळे पाणावतात, समूहप्रार्थनेने मन हलके होते, हे खरे आणि मोलाचे आहे. पण त्या हलक्या मनाने बाहेर पडलेला माणूस दारात अडवलेल्याकडे वळून पाहतो की नाही, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. धर्मसंस्थांना डिस्कोकडून शिकण्यासारखे आहे ते एवढेच, आणि ते थोडे नाही. ज्यांना त्यांनी शतकानुशतके पायरीवर ठेवले, त्यांनी स्वतःसाठी एक जागा उभारली, त्यात चुका केल्या, तरी संकटात एकमेकांचे देणे फेडले. देवाचे नाव न घेता हे साधले असेल, तर देवाचे नाव घेणाऱ्यांवरची जबाबदारी त्याने कमी होत नाही. ती दुप्पट होते.